मत न देण्याचा नियम आणि त्याची किंमत



२०२४ च्या लोकसभेचं मतदान आमच्या सांगलीत ७ मे रोजी होतं. त्या दिवशी नेमकी चैत्र वद्य चतुर्दशी. आमच्या श्राविका मंडळातल्या निम्म्या बायकांचा उपवास, त्यात मे महिन्याचं ऊन. म्हणून आदल्या आठवड्यात बस्तीत स्वाध्याय झाल्यावर ठरवाठरवी चालली होती. कोण किती वाजता जाणार, सकाळच्या थंडाव्यात एकत्र रिक्षा करायची का, वगैरे.

तेव्हा आमच्या मंडळातल्या एक आक्का, वय पंच्याहत्तरच्या पुढचं, शांतपणे म्हणाल्या, "माझं धरू नका गं. मी मत देत नाही. माझा नियम आहे."

सगळ्या गप्प. मग आक्कांनीच सांगितलं. "आपण कृत, कारित, अनुमोदना तिन्ही मोजतो ना? स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला होय म्हटलं, तिन्हीचा बंध आहे. मग मी ज्याला निवडून देते त्यानं उद्या कत्तलखान्याच्या परवान्यावर सही केली, तर त्या सहीत माझं बोट नाही का? मला ते नको. म्हणून बारा वर्षांपूर्वी मी नियम घेतला."

एक तरुण सून म्हणाली, "आक्का, असं कसं? तो आपला हक्क आहे." दुसरी म्हणाली, "सगळ्यांनीच असं केलं तर?" थोडी वादावादी झाली. मी मात्र काही बोलले नाही. मला बोलायला तोंड नव्हतं, त्याचं कारण आधी सांगते. ही माझी आलोचनाच समजा.

माझी मुलं लहान असताना एका निवडणुकीत मी मत दिलं नव्हतं. त्या दिवशी मी उडदाच्या पापडाचं पीठ भिजवलं होतं. लाट्या करून ठेवलेल्या, ऊन चांगलं पडलेलं, आणि मतदान केंद्रावर ही लांब रांग. सासूबाई म्हणाल्या, "चल, जाऊन येऊ." मी म्हटलं, "आज माझं व्रत आहे, बाहेर पडायचं नाही." ना अष्टमी होती ना चतुर्दशी. सासूबाईंना तिथी तोंडपाठ असायच्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एकट्याच गेल्या. बोटाला शाई लावून परत आल्या, पदर खोचून पापड लाटायला बसल्या, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. तो न बोललेला शब्द मला अजून ऐकू येतो.

म्हणजे आक्कांनी मत दिलं नाही ते धर्मासाठी, आणि मी दिलं नाही ते पापडांसाठी. बाहेरून पाहणाऱ्याला दोघींच्याही बोटाला शाई नाही. मग फरक कसा ओळखायचा? हा प्रश्न डोक्यात बसला आणि मी वाचायला लागले. जगात धर्माच्या कारणानं मत न देणारी माणसं आणखी कोण कोण आहेत, त्यांचं पुढे काय झालं? जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

सुरुवात ऑस्ट्रेलियापासून करते, कारण माझी भाची मेलबर्नला असते. तिथलं नागरिकत्व मिळाल्यावर एका निवडणुकीत ती मत द्यायला विसरली. काही दिवसांनी घरी पत्र आलं, मत का दिलं नाही याचं कारण कळवा, नाहीतर वीस डॉलर दंड भरा. तिनं मुकाट्यानं दंड भरला. तिथे मत देणं हे कायद्यानं सक्तीचं आहे. १९२२ साली त्यांच्या देशात साठ टक्केही मतदान झालं नव्हतं. म्हणून हर्बर्ट पेन नावाच्या टास्मानियाच्या सिनेटरनं विधेयक मांडलं आणि १९२४ साली सक्तीचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९२५ च्या निवडणुकीत मतदान एक्क्याण्णव टक्क्यांवर गेलं. दंडाची भीती काय करते पाहा!

लगेच कोर्टातही प्रश्न गेला. जड नावाचे एक समाजवादी गृहस्थ म्हणाले, उभे असलेले सगळेच उमेदवार भांडवलशाहीच्या बाजूचे आहेत, एकही मला पटत नाही, म्हणून मी मत दिलं नाही. १९२६ साली तिथल्या उच्च न्यायालयानं, म्हणजे त्यांच्या सर्वांत वरच्या कोर्टानं, हे कारण मान्य केलं नाही. उमेदवार आवडत नाहीत ही सबब चालणार नाही, असा निकाल झाला. पण त्याच देशाच्या निवडणूक कायद्यात आज एक वेगळं कलम आहे. मत न देणं हे आपलं धार्मिक कर्तव्य आहे असं एखादा मतदार मानत असेल, तर ते पुरेसं आणि योग्य कारण धरलं जातं. त्याला दंड नाही.

मला याचं फार आश्चर्य वाटलं. राजकीय नाराजी चालत नाही, श्रद्धा चालते. तिथे ख्रिस्ताडेल्फियन नावाचा एक लहानसा ख्रिस्ती पंथ आहे, तो एकोणिसाव्या शतकात जॉन थॉमस नावाच्या डॉक्टरनं सुरू केला. हे लोक कर भरतात, कायदे पाळतात, पण मत देत नाहीत आणि सैन्यातही जात नाहीत. त्यांचं म्हणणं असं की देवाचं राज्य पृथ्वीवर यायचं आहे, आम्ही त्या राज्याची प्रजा, इथे आम्ही वस्तीला आलेले वाटसरू. आपल्या भाषेत सांगायचं तर पाहुणीनं यजमानाच्या घरी नीट वागावं, ताट-वाटी विसळून ठेवावी, पण स्वयंपाकघराचा कारभार हातात घेऊ नये.

हे झालं जिथे सरकार समजूतदार आहे तिथलं. आता जिथे नव्हतं तिथलं सांगते. हे वाचताना माझ्या हातातलं काम खाली राहिलं होतं.

यहोवाचे साक्षीदार हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तेही मत देत नाहीत, कोणत्याच राजकारणात पडत नाहीत, शस्त्र उचलत नाहीत. १९३३ साली जर्मनीत हिटलर आला तेव्हा त्या देशात ते पंचवीस ते तीस हजार होते. सहा-साडेसहा कोटींच्या देशात अगदी मूठभर. १२ नोव्हेंबर १९३३ ला हिटलरनं मतदान घेतलं. जर्मनीनं राष्ट्रसंघातून बाहेर पडावं की नाही हा एक प्रश्न, आणि सोबत संसदेची निवडणूक, जिच्या मतपत्रिकेवर फक्त नाझी पक्षाचीच यादी. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. घरोघर जाऊन लोकांना बाहेर काढलं जात होतं. त्या दिवशी हे साक्षीदार घरी बसले.

लक्षात घ्या, त्यांनी हिटलरच्या विरोधात मत दिलं असं नाही. आधी लोकशाही होती तेव्हाही ते मत देत नव्हते. पण नाझींना एवढंही पुरेसं होतं. काही गावांत मत न देणाऱ्यांची धिंड काढली, गळ्यात देशद्रोही अशा अर्थाच्या पाट्या अडकवल्या. सरकारी नोकऱ्या गेल्या. १९३५ साली त्यांच्या पंथावर देशभर बंदी आली. ते हात वर करून हिटलरचा जयजयकारही करत नसत, सैन्यात भरती होत नसत. हजारोंना तुरुंगात आणि छळछावण्यांत टाकलं. छावणीत त्यांच्या कपड्यावर जांभळा त्रिकोण शिवलेला असे. किमान हजारभर जर्मन साक्षीदार तिथे मेले किंवा मारले गेले, त्यातल्या अडीचशेहून जास्त जणांना केवळ शस्त्र न उचलल्याबद्दल मृत्युदंड झाला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्यासमोर सुटकेचा कागद ठेवलेला होता. मी माझा पंथ सोडला असं लिहून सही करा आणि घरी जा. ज्यू लोकांना असा कागद कोणी दिला नाही, त्यांना जन्मानंच दोषी ठरवलं होतं. साक्षीदारांना एका सहीत घर, मुलं, नवरा सगळं परत मिळण्यासारखं होतं. फार थोड्यांनी सही केली.

रावेन्सब्र्युक ही खास बायकांची छावणी होती. तिथे मार्गारेटे बुबर-नॉयमान नावाची एक जर्मन कम्युनिस्ट बाई कैदेत होती. साक्षीदार बायकांच्या बराकीवर देखरेखीचं काम तिच्याकडे होतं. युद्ध संपल्यावर तिनं आपल्या आठवणी लिहिल्या. ती स्वतः त्यांच्या धर्मातली नव्हती, पण या बायका किती प्रामाणिक आणि नीटनेटक्या होत्या ते तिनं लिहून ठेवलं. तिनंच सांगितलेली एक गोष्ट वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. छावणीत अन्न कधीच पुरेसं नसे, आणि कधी कधी त्यात रक्त घालून केलेला मांसाचा पदार्थ येई. साक्षीदारांना रक्त वर्ज्य असतं. काही बायकांनी तो खायला नकार दिला. पोटात आग पडलेली असताना समोर आलेलं ताट सरकवलं, आणि शिक्षा भोगली. सैन्यासाठी शिवणकाम करायलाही त्यांच्यातल्या कित्येकींनी नकार दिला, तेव्हा त्यांना कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उभं केलं.

त्यांचा आहार आपला नव्हे, त्यांचं तत्त्वज्ञानही आपलं नव्हे. पण अंतराय आला म्हणून भरल्या ताटावरून उठणारी आपली आजी आणि ती बाई, दोघी मला एका पंगतीत बसलेल्या दिसल्या.

आफ्रिकेतही असंच झालं. मलावी देशात हेस्टिंग्ज बांडा यांच्या काळात एकच पक्ष होता, आणि त्या पक्षाचं सभासदाचं कार्ड प्रत्येकानं विकत घ्यायचं असा दंडक होता. बाजारात, बसमध्ये कार्ड विचारत. साक्षीदारांनी कार्ड घेतलं नाही. १९६७ साली त्यांच्यावर बंदी आली, घरं जाळली, बायकांवर अत्याचार झाले, हजारो कुटुंबं शेजारच्या देशांत पळून गेली. बंदी उठली १९९३ साली. एका छोट्या कार्डाच्या नकारापायी सव्वीस वर्षं!

मी बी.कॉम. झालेली बाई. आयुष्यभर वाण्याची वही आणि दुधाचा हिशेब एवढंच केलं, पण कॉलेजातला एक धडा पक्का आहे. जमेची नोंद केली की नावेची नोंद करावीच लागते, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. धर्मासाठी मी नाही म्हटलं, ही जमेची नोंद. त्याच्यासमोर नावे काय पडलं? जर्मनीतल्या त्या बायकांच्या नावे तुरुंग पडला. मलावीतल्या लोकांच्या नावे घरदार पडलं. माझ्या त्या पापडाच्या दिवशी नावे काहीच नव्हतं. उलट ताटभर पापड वाळले! म्हणजे ती नोंदच खोटी होती.

आता आपल्या देशाकडे येते. भारतात मत देणं सक्तीचं नाही. गुजरातनं २००९ साली स्थानिक निवडणुकांसाठी तसा कायदा विधानसभेत मंजूर केला होता, त्याला राज्यपालांची संमती २०१४ साली मिळाली, आणि २०१५ साली तिथल्या उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. तेव्हा आक्कांना कोणी पत्र पाठवणार नाही, कारण विचारणार नाही. इथे गप्प बसायची मोकळीक आहे. पण ही मोकळीक आपोआप टिकत नाही, आणि ती आपल्यासाठी कोणी टिकवली हे आपल्याला माहीत असावं म्हणून एक खटला सांगते.

१९८५ साली केरळमधल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं. ती यहोवाच्या साक्षीदारांची मुलं. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं सरळ उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत प्रार्थना फक्त देवाची. केरळच्या उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयात बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो गाजला. ११ ऑगस्ट १९८६ ला न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला की मुलांनी अनादर केलेला नाही. श्रद्धा मनापासूनची असेल तर ती इतरांना पटते की नाही हा प्रश्न येत नाही, घटनेचं कलम २५ तिचं रक्षण करतं. मुलांना शाळेत परत घ्या.

आता २०१५ चा ऑगस्ट आठवा. राजस्थान उच्च न्यायालयानं १० तारखेला सल्लेखना म्हणजे आत्महत्या असा निकाल दिला तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. २४ तारखेला गावोगावी मूक मोर्चे निघाले. मीही चालले होते, गुडघे दुखत असताना. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण कोणत्या कलमाचा आधार घेतला होता? तेच कलम २५. ज्या छपराखाली केरळची ती तीन मुलं उभी राहिली, त्याच छपराखाली आपण उभे राहिलो. म्हणून आक्कांना वेडं ठरवणाऱ्या मैत्रिणींना मी म्हणेन, जरा थांबा. बहुतेकांना न पटणारी श्रद्धा उद्या आपलीही असू शकते.

पण मैत्रिणींनो, वहीची दुसरी बाजूही पाहायला हवी. २०११ च्या जनगणनेत देशभरात आपण जैन ४४ लाख ५१ हजार, त्यातले १४ लाख महाराष्ट्रात. एकट्या आक्का घरी बसल्या तर तो त्यांचा नियम झाला. आपण सगळ्याच बसलो तर निर्णय थांबत नाहीत, ते आपल्याविना होतात. आणि बायकांनी तर हे विसरूच नये. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गेली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून आलं होतं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, नाव सांगा, नाहीतर यादीत घेत नाही. नावापासून सुरुवात करावी लागलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी हे मत मिळवलंय, ते पापडांसाठी टाकायचं नाही.

अनुमोदनेचं म्हणाल तर मला माझ्या अल्पबुद्धीला असं वाटतं. मन, वचन, कायेनं आणि कृत, कारित, अनुमोदनेनं पूर्ण त्याग हा मुनींचा, महाव्रताचा मार्ग. आपण अणुव्रती. संकल्पी हिंसा आपण सोडायची, पण आरंभी आणि उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, ती कमी करत न्यायची. चूल पेटवताना आपण हेच करतो, पाणी गाळून घेतो, धान्य निवडतो, पण चूल बंद करत नाही. मतही मला तसंच वाटतं. नीट निवडून, गाळून, यत्नानं द्यावं. महापालिकेचं पाणी, रस्ते, दवाखाना वापरायचा आणि कारभाराच्या दोषापासून मात्र लांब राहायचं, हे मुनीमहाराजांना शोभतं, कारण त्यांनी घरच सोडलेलं असतं. मी घरात राहते. म्हणून मी मत देते.

हे सगळं मी एकदा आक्कांना बोलून दाखवलं. नोटाबद्दलही सांगितलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मशीनवर ते बटण आलं. म्हटलं, "आक्का, कोणीच नको असेल तर ते दाबा." आक्का हसल्या. "अगं, तेही मतच की. फक्त नाव नाही कोणाचं. मी त्या खोलीतच जात नाही."

मग मी धीर करून विचारलं, "पण आक्का, तुमच्या वहीत नावे काय पडलं?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला आठवतंय, मागच्या पावसाळ्यात आमच्या दारापुढची गटार तुंबली होती? सगळे म्हणाले, नगरसेवकाकडे जा. मी नाही गेले. ज्याला मी मत दिलं नाही त्याच्याकडे मागायला कुठल्या तोंडानं जाऊ? मजूर लावला, माझ्या पेन्शनीतनं पैसे दिले. मुलाला पूररेषेचा कागद हवा होता तेव्हाही कोणाची ओळख काढू दिली नाही. मुलगा अजून रागावतो. बारा वर्षं झाली, कोणाही पुढाऱ्याबद्दल तक्रार केली नाही मी. तक्रारीचा हक्कच मी सोडलाय."

मला आठवलं, खरंच, बस्तीच्या कट्ट्यावर आम्ही सगळ्या सरकारला नावं ठेवत असतो तेव्हा आक्का जपमाळ काढून बसतात. मला वाटायचं त्यांना राजकारणातलं कळत नाही.

आक्कांशी माझं आजही एकमत नाही. पण त्यांचा ताळेबंद जुळतो. आणि तुमच्यापैकी कोणाचा असा नियम असेल, तर माझी एवढीच विनंती आहे की तो घेण्याआधी नावेची बाजू लिहून काढा. काय काय सोडायला तयार आहात? तिथे काही लिहायला नसेल, तर तो नियम नव्हे, तो आळस. त्यावर धर्माचं नाव घालू नका, मी घातलं होतं.

७ मे ला सकाळी साडेसातलाच मी रांगेत उभी राहिले. उपवास होता, पण ऊन चढायच्या आत घरी आले. संध्याकाळी बस्तीत आक्का भेटल्या. त्यांनी माझं बोट हातात घेऊन शाई पाहिली आणि विचारलं, "नीट निवडून दिलंस ना?"

म्हटलं, "हो आक्का, गाळून घेतलं."

जय जिनेंद्र!